राहुकाळ दीड ते तीन

२४ ऑक्टोबर २०२४. गुरुवार, त्यात गुरुपुष्यामृत. विधानसभेचे अर्ज भरायला राज्यभर झुंबड उडाली होती. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही निवडणूक कार्यालयाबाहेर गुलाल, ढोल, मोटारसायकली आणि घामाघूम कार्यकर्ते.

एक उमेदवार मला नीट आठवतो. कागद तयार, सूचक हजर, शपथपत्र नोटरी झालेलं. तरी साहेब गाडीतच बसून. काच वर, नजर मनगटावर. मी त्यांच्या माणसाला विचारलं, का थांबलात? तो म्हणाला, "महाराजांनी बारा एकोणचाळीस सांगितलंय. त्याच्या आधी पाय आत टाकायचा नाही."

अर्ज घ्यायची कायद्याने ठरलेली वेळ अकरा ते तीन. गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. म्हणजे चार तासांतला दीड तास राहूने आधीच खाल्लेला. उरलेल्या अडीच तासांत सगळ्या पक्षांचे, सगळ्या जातींचे, सगळ्या झेंड्यांचे लोक एकाच दारातून आत घुसत होते. कशासाठी? राज्यघटनेवर निष्ठा ठेवण्याची शपथ घ्यायला. अर्ज भरल्यावर ती घ्यावीच लागते.

मुहूर्त सगळ्यांनीच साधला. निवडून मात्र एका मतदारसंघातून एकच आला.

मग बाकीच्यांचं पुष्य नक्षत्र गेलं कुठे?

हा प्रश्न निकालाच्या दिवशी कुणी विचारत नाही, आणि बाबाचा सगळा धंदा या न विचारण्यावर चालतो. एका वॉर्डात सात उमेदवार असतील, तर सातही जण कुठे ना कुठे पूजा घालतात. सातांतला एक जिंकणारच, ते गणित शाळकरी पोरालाही येतं. जिंकलेला माणूस पेढे घेऊन महाराजांकडे जातो, गाडी देतो, गावभर सांगतो. हरलेले सहा गप्प बसतात. कारण पूजा लागू पडली नाही हे सांगायचं, तर पूजा केली हेही सांगावं लागतं.

बाबाचं डिपॉझिट कधीच जप्त होत नाही.

पुढारी एवढे घाबरलेले का असतात, हे मात्र समजून घेतलं पाहिजे. शेतकऱ्याला पावसाची भीती असते, तशी यांना तिकिटाची. एबी फॉर्म शेवटच्या रात्री कुणाच्या खिशातून कुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. कालचा साहेब आज दुसऱ्या पक्षात. सकाळी चौकशी, संध्याकाळी प्रवेश, मध्ये दिल्लीचा फोन. ज्या धंद्यात कष्टाचा आणि फळाचा संबंध तुटलेला असतो, तिथे लिंबाला भाव येतो. इथवर मला त्यांची कीवही येते.

पण कीव इथेच संपते. कारण हा माणूस घाबरतो तो चुकीच्या गोष्टीला.

मंत्रालयातलं सहाव्या मजल्यावरचं ६०२ क्रमांकाचं दालन घ्या. मोठं दालन, मोक्याची जागा, तरी मंत्री ते नको म्हणायचे. कारण काय? एकनाथ खडसे तिथे बसले, २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पांडुरंग फुंडकर तिथे बसले, २०१८ मध्ये गेले. अनिल बोंडे बसले, २०१९ मध्ये पडले. झालं, दालन अपशकुनी ठरलं.

आता नीट बघा. खडसेंचं मंत्रिपद भोसरीच्या जमिनीवरून झालेल्या आरोपांनी गेलं. फुंडकरांना हृदयविकाराने नेलं. बोंडेंना मोर्शीच्या मतदारांनी घरी बसवलं. एक आरोप, एक आजार, एक निवडणूक. तिन्हींची कारणं वेगळी आणि तिन्ही उघड. भिंतीचा संबंध कुठे आला?

भिंतीला दोष दिला की मतदाराला हिशोब द्यावा लागत नाही. खरी गोम इथे आहे.

पराभव दालनाने केला म्हटलं, की आपलं काय चुकलं हे शोधायची गरज उरत नाही. आणि विजय यज्ञाने मिळाला म्हटलं, की देणं यज्ञ सांगणाऱ्याचं. पाणी मागणाऱ्या बाईचं काहीच देणं नाही.

या शहरात पाण्याचं नाव काढलं की पुढचं सांगावं लागत नाही. जायकवाडीसारखं धरण जिल्ह्यातच, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेली. भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. नारळ फुटले, कुदळ मारली, गुरुजींनी मंत्र म्हटले. मुहूर्तात काही कमी राहिलं असेल असं वाटत नाही. कमी राहिलं ते कामात.

जलवाहिनीला राहुकाळ नसतो. तिला कंत्राटदार असतो.

आता गुवाहाटी. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या सेनेच्या सहा आमदारांपैकी पाच जण एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले. पैठण, सिल्लोड, वैजापूर, शहरातला मध्य आणि पश्चिम. एकट्या कन्नडचे मागे राहिले. मुक्काम उठायच्या आधी शिंदे कामाख्येच्या दर्शनाला गेले. सत्ता आली. नोव्हेंबरात आमदारांसह पुन्हा दर्शनाला गेले.

दर्शनाला कुणी जावं, कुणी न जावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझी आई दर वर्षी तुळजापूरला जायची आणि येताना माझ्यासाठी परडीतला प्रसाद आणायची. श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न साधा आहे. सरकार पडलं ते संख्याबळाने, आलं तेही संख्याबळाने. ते संख्याबळ पैठणच्या, सिल्लोडच्या, वैजापूरच्या लोकांनी रांगेत उभं राहून दिलेलं होतं. मग दोनदा आसामला जाऊन आभार मानणाऱ्यांनी गावागावांत जाऊन, तुम्ही दिलेलं मत आम्ही दुसरीकडे का नेलं, हे किती वेळा सांगितलं?

बरं, विरोधक तरी शहाणे असतील? फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय राऊत यांनी सांगितलं की मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याच्या हिरवळीत कामाख्येला बळी दिलेल्या रेड्यांची शिंगं पुरल्याची चर्चा आहे, म्हणून देवेंद्र फडणवीस तिथे राहायला जात नाहीत. फडणवीसांनी कारण दिलं मुलीच्या दहावीच्या परीक्षेचं आणि बंगल्यातल्या दुरुस्तीचं. महाराष्ट्रात शेतकरी सोयाबीनच्या भावासाठी रडत होता आणि चॅनेलवर दोन दिवस शिंगं चालली.

राऊत ज्या पक्षाचे, त्या पक्षाच्या प्रमुखांचे आजोबा प्रबोधनकार ठाकरे. 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' लिहिणारे. भोंदूगिरीवर या माणसाने आयुष्यभर आसूड ओढला. त्यांच्या नातवाच्या पक्षाने सरकारला जाब विचारायचा तो हिरवळ खणून?

करणी केली म्हणणारा आणि करणी झाली म्हणणारा, दोघेही करणीला मानतात.

शेजारी बघा. कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी मे २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की केरळात आपल्याविरुद्ध आणि मुख्यमंत्र्यांविरुद्ध शत्रुभैरवी याग चाललाय, जनावरांचे बळी जातायत. केरळ सरकारने चौकशी केली, काही सापडलं नाही. एका राज्याची यंत्रणा एका होमकुंडाच्या शोधात फिरली.

आणि तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव? यांना आपण जवळून पाहिलंय. २४ एप्रिल २०२३ ला त्यांनी आपल्याच शहरात जंगी सभा घेतली होती, मराठवाड्याला तेलंगणाचं मॉडेल दाखवायला. बरोबर सहा दिवसांनी, ३० एप्रिलला, त्यांनी हैदराबादेत नव्या सचिवालयाचं उद्घाटन केलं. जुनं सचिवालय वास्तुदोषाचं म्हणून त्यांना पसंत नव्हतं, ते पाडलं होतं. सहा हा त्यांचा लाडका आकडा. २०१५ मध्ये अयुत चंडी महायज्ञ घातलेला. वास्तू निर्दोष, आकडा शुभ, यज्ञ साग्रसंगीत. ३ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला आणि सरकार गेलं.

सात महिने. नव्या वास्तूत ते मुख्यमंत्री म्हणून एवढेच दिवस बसले.

हे आपल्याकडचंच खूळ आहे असंही नाही. अमेरिकेत रोनाल्ड रेगन यांच्या भेटीगाठींच्या वेळा सॅनफ्रान्सिस्कोची एक ज्योतिषी बाई ठरवत होती, हे त्यांच्याच माजी चीफ ऑफ स्टाफने १९८८ मध्ये पुस्तकात लिहिलं. दक्षिण कोरियाचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले यून सुक योल २०२१ मध्ये टीव्हीवरच्या चर्चेला तळहातावर 'राजा' असं अक्षर लिहून आले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी देशावर लष्करी कायदा लादायचा प्रयत्न केला. खासदार रात्री कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले आणि मतदान करून तो हाणून पाडला. चार महिन्यांत राजा घरी गेला.

हातावर लिहिलेलं अक्षर पुसायला माणसं लागली. जागी असलेली.

बाबांचं राजकारणातलं खरं बळ मंत्रात नसतंच. ते असतं दारात. मंत्रालयात जायला पास लागतो, नोंदवहीत नाव लागतं, कॅमेरा असतो. बाबाच्या बैठकीला काहीच लागत नाही. एका सतरंजीवर मंत्री, बिल्डर, साहेबलोक आणि बदलीसाठी आलेला फौजदार शेजारी शेजारी बसतात. कोण कुणाला काय बोललं याचा कागद नाही. पंतप्रधान नरसिंह रावांच्या काळात चंद्रास्वामींचा दिल्लीत दबदबा होता तो असाच. १९९६ मध्ये त्यांना अटक झाली ती लंडनच्या एका लोणचेवाल्या व्यापाऱ्याला फसवल्याच्या प्रकरणात. आरोप फसवणुकीचा होता. मारणमंत्राचा नव्हता.

आपल्या शहरात नोव्हेंबर २०२३ मध्ये बागेश्वरच्या धीरेंद्र शास्त्री यांचा दिव्य दरबार भरला. लोकांच्या मनातलं ओळखून चिठ्ठीवर लिहायचं, अशी त्यांची ख्याती. आयोजनात पुढे होते डॉ. भागवत कराड, तेव्हाचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री. कराड स्वतः लहान मुलांचे शल्यविशारद आहेत. विमानात सहप्रवाशाला त्रास झाला तेव्हा मंत्रिपद विसरून उपचाराला धावलेला हा डॉक्टर, त्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे.

म्हणून तर जास्त लागतं. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्यांनी पुरावा मागितला असता, त्यांनी मैदानावर का मागू नये?

त्याच वर्षी जानेवारीत नागपूरला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानव यांनी त्याच दरबाराला आव्हान दिलं होतं. सिद्ध करा, ३० लाख घ्या. सिद्ध कुणी केलं नाही. पोलिसांना चित्रफितींत आक्षेपार्ह काही सापडलं नाही. दहा महिन्यांनी आपल्याकडे मांडव पडला.

आता ही गोष्ट वरच्या लोकांपुरती असती, तर मी एवढा जीव तोडला नसता. पण ही गोष्ट खाली उतरते तेव्हा तिचं रूप बदलतं.

माझ्या आजोळी, कन्नड तालुक्यातल्या एका गावात, आमच्या घरापासून चार घरं सोडून एक विधवा बाई राहायची. सगळे तिला मावशी म्हणत. शेजारच्या घरात पोरगं सारखं ओकायला लागलं. देवऋषी आला, त्याने तांदूळ टाकले, अंगाऱ्याची चिमूट उडवली आणि सांगितलं, उगवतीच्या घरातली एकटी बाई. भानामती तिचीच. दुसऱ्या दिवसापासून आडावर तिची घागर कुणी लावू देईना. पोरं तिच्या दारासमोरून पळत जायची. मीसुद्धा पळत गेलोय. सात-आठ वर्षांचा असेन. दाराच्या चौकटीत ती बसलेली असायची, हातात रिकामी कळशी.

गावचा पुढारी आला. त्याच्या बाजेसमोर पंचवीस माणसं जमली. तो शिकलेला होता, पोरगं शहरात डॉक्टरकडे न्या म्हणाला असता तर ऐकलं असतं. त्याने चहा घेतला, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, आणि काही न बोलता उठला. पुढे माझ्या मामाने कारण सांगितलं. त्या शेजाऱ्याच्या भावकीत चाळीस मतं होती. मावशीचं एक.

पोराला कावीळ होती. मावशी सिल्लोडकडे भावाच्या घरी गेली, ती परत आली नाही.

मराठवाड्यात भानामती हा शब्द हसण्यावारी न्यायचा नाही. परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते १९७४ दरम्यान गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या हावेपोटी बायका आणि कोवळ्या मुली मारल्या गेल्या. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना यावं लागलं. दुष्काळाचं साल होतं ते. विहिरीचं पाणी आटलं की लोक जमिनीत सोनं शोधतात, आणि वाट दाखवायला मांत्रिक तयारच असतो.

मावशीसारख्या बाईला करणीवाली ठरवून तिचं जगणं नकोसं करणं आज गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. परिशिष्टात बारा कलमं, सहा महिने ते सात वर्षे शिक्षा, जामीन सहजी नाही. हा कायदा कसा झाला ते आपल्याला माहीत आहे. नरेंद्र दाभोलकर दहा वर्षांहून जास्त काळ त्यासाठी मंत्र्यांच्या दारात उभे राहिले. मसुदा घासला गेला, कापला गेला, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या.

दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली.

दहा वर्षे सही करायला मुहूर्त सापडत नव्हता. माणूस मेला आणि एका दिवसात सापडला.

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. तिघे सुटले. शिक्षा झालेले दोघेही आपल्या जिल्ह्यातले. एक शहरातला, एक दौलताबादच्या बाजूचा. ही बातमी वाचली त्या दिवशी मला घास गेला नाही. नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं ते याच शहरात. नाथांनी भारुडांतून जोशी आणि भूत दोघांनाही चौकात उभं करून लोकांना शहाणं केलं ते पैठण इथून पन्नास किलोमीटर. या मातीतल्या दोन पोरांच्या हाती पिस्तूल कुणी आणि काय सांगून दिलं?

आणि त्या कायद्यातून सुटलं काय, तेही बघा. वास्तुशास्त्राचा सल्ला वगळला. जोशी-ज्योतिषांचा सल्ला वगळला. नंदीबैलवाल्याचं भविष्य वगळलं, त्या बिचाऱ्याचं मी समजू शकतो, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण दालनाच्या भिंती फोडायला सांगणारा वास्तुतज्ज्ञ आणि अर्जाची मिनिटं विकणारा महाराज यांना कुणी वगळलं? ज्यांना त्यांची गरज होती, त्यांनीच.

देवऋषी कायद्यात आला. राजऋषी बाहेर राहिला.

या कायद्याच्या प्रचार-प्रसारासाठी शासनाची समिती आहे, ती सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येते. डिसेंबर २०२४ मध्ये हे खातं आलं संजय शिरसाट यांच्याकडे. औरंगाबाद पश्चिमचे आमदार, आपले पालकमंत्री, गुवाहाटीला गेलेल्या पाचांपैकी एक. योगायोग म्हणा. पण या योगाचा उपयोग करता येईल. साहेब, जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हे बारा मुद्दे मोठ्या अक्षरात लावा. कन्नड, सोयगाव, फुलंब्रीच्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत ते वाचून दाखवा. भानामतीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला फौजदार 'आपसांत मिटवा' म्हणाला, तर त्याला जाब विचारा. याला कुठलाही मुहूर्त लागत नाही, आणि हे मी मनापासून मागतोय.

परवा पहाटे गुलमंडीवरून चालत होतो. एका संपर्क कार्यालयाच्या पायरीवर उतारा टाकलेला. टाचण्या टोचलेलं लिंबू, काळी बाहुली, हळद-कुंकू, उकडलेलं अंडं, खाली केळीचं पान. पलीकडे तीन-चार तरणे कार्यकर्ते उभे. पांढरे शर्ट, गळ्यात उपरणी, दंडावर ताईत. शटर उघडायचं होतं, पण पायरी ओलांडायला एकही धजत नव्हता. एक जण फोनवर साहेबांना विचारत होता, आता काय करायचं.

तेवढ्यात सफाई कामगार बाई झाडत झाडत तिथवर आली. तिने खराटा भिंतीला टेकवला, वाकली आणि लिंबू, बाहुली, अंडं सगळं पानासकट हातांनी उचललं. हातमोजे नव्हते. टाचणी बोटाला लागली असावी, तिने ते पदराला पुसलं आणि ऐवज घंटागाडीत टाकला.

मी विचारलं, "भीती नाही वाटत, मावशी?"

"कशाची? राहिलं तर मुकादम खाडा मांडतोय," ती म्हणाली आणि पुढची पायरी झाडायला लागली.